धानाची खंडी आणि पृथ्वीची ओढ

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. वैनगंगा, बाघ, चुलबंद आणि गाढवी या नद्यांचें पाणी, नवेगांवबांधासारखे कोहळी समाजानें बांधलेले जुने तलाव, आणि अलीकडच्या काळांतील इटियाडोहाचें धरण यांच्या आधारावर येथील शेतकरी पिढ्यान् पिढ्या धान पिकवीत आला आहे. सन १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा रूळ या मुलुखांतून गेला, आणि गोंदिया ही व्यापाराची पेठ व पुढें भातगिरण्यांचें शहर बनली. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून फुटून हा जिल्हा स्वतंत्र झाला, तरी त्याचा मुख्य व्यवहार बदलला नाहीं. अशा पेठेंत दिवसांतून शेंकडों वेळां विचारला जाणारा प्रश्न एकच : माल किती ? हा प्रश्न दिसावयास जितका सोपा, तितकाच त्याच्या उत्तराचा इतिहास गहन आहे.

या प्रश्नाचें उत्तर देण्याच्या तीन रीति माणसानें आजवर शोधिल्या. मालानें जागा किती व्यापिली तें पाहणें ही पहिली. माल हाताला किंवा काट्याला किती ओढतो तें पाहणें ही दुसरी. आणि जागा व ओढ या दोहोंस बाजूस सारून मालांत मूळ द्रव्य किती आहे तें ठरविणें ही तिसरी. पहिलीनें जें कळतें तें आकारमान, दुसरीनें वजन आणि तिसरीनें वस्तुमान, अशीं नांवें पदार्थविज्ञानांत रूढ आहेत. आकारमान व वजन हीं वेगळीं आहेत हें लहान मुलासहि कळतें. शेरभर कापूस जड कीं शेरभर लोखंड जड, हें कोडें घरोघर घातलें जातें. परंतु वजन व वस्तुमान हीं दोन निरनिराळीं आहेत हें कळण्यास मनुष्यजातीस सतराव्या शतकापर्यंत थांबावें लागलें. आणि शाळेंत तें शिकलेल्या माणसासहि बाजारांत गेल्यावर त्याचा विसर पडतो. या भेदाचा इतिहास सांगावा, आणि धान पिकविणाऱ्या माणसाच्या हिताशीं तो कसा निगडित आहे तें दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम जुन्या मापांकडे वळूं. या भागांत धान मोजावयाचें तें पायलीनें, कुडवानें आणि खंडीनें. कुडव, म्हणजे येथील बोलींतला कुडो. असे वीस कुडो भरले कीं खंडी झाली. हा शब्द फार जुना आहे. भास्कराचार्यांनीं सन ११५० सालीं रचिलेल्या 'लीलावती'च्या आरंभीं जीं परिमाणें दिलीं आहेत त्यांत कुडव आहे : चार कुडवांचा एक प्रस्थ, चार प्रस्थांचा एक आढक, चार आढकांचा एक द्रोण आणि सोळा द्रोणांची एक खारी. एक हात लांब, एक हात रुंद आणि एक हात खोल अशा पात्रांत मावेल तेवढें धान्य म्हणजे मगध देशांतील खारी, असा खुलासाहि तेथें आहे. म्हणजे हीं सर्व मापें जागेचीं होत. भास्कराचार्यांचा कुडव आणि आमच्या खळ्यावरचा कुडो यांचें आकारमान एक नव्हे. नांव राहिलें, माप मात्र देशपरत्वें व काळपरत्वें पालटत गेलें. पण धान्याचा हिशेब पात्राच्या पोकळीनें करावयाचा ही रीत शेंकडों वर्षें तशीच टिकून राहिली.

या रीतींत एक सोय होती. लांकडाचें किंवा लोखंडाचें एक पात्र असलें कीं काम भागे. दांडी नको, वजनें नकोत. परंतु तींत अन्यायासहि मोकळें रान होतें. धान वरून सोडलें तर पात्रांत एक भरतें, दाबून भरलें तर दुसरेंच भरतें. शीग लावून दिलेलें माप आणि काठाशीं सपाट केलेलें माप यांत केवढें अंतर पडतें तें कोणत्याहि गृहिणीस ठाऊक आहे. आणि देतांना सपाट व घेतांना शिगेचें, असें माप वापरणारा सावकार आमच्या लोककथांतून सर्वत्र भेटतो. शिवाय बारीक धान आणि जाडें धान, पोचट दाणा आणि भरलेला दाणा, ओलें आणि वाळलेलें, या सर्वांनीं कुडो सारखाच भरतो. त्यांतून निघणारा तांदूळ मात्र सारखा निघत नाहीं. जागा मोजली, पण ऐवज हातीं लागला नाहीं, असें या मापांचें झालें.

सोनें, रुपें, औषधें व मसाले यांच्या व्यवहारांत तराजू आमच्याकडे प्राचीन काळापासून आहे. धान्याच्या मोठ्या घाऊक व्यापारांत तो सर्रास आला तो रेल्वेबरोबर, कारण आगगाडीचें भाडें खंडीवर आकारतां येत नाहीं. सन १८३३ सालीं इंग्रज सरकारनें बंगाल इलाख्यांत तोळा १८० ग्रेनांचा ठरविला. ऐंशीं तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण असा हा हिशेब होता. त्या मणाचे ८२ पौंड व २/७ पौंड होतात. आजच्या भाषेंत सुमारें ३७.३२ किलो. सन १८५३ सालीं नागपूरकर भोसल्यांचें राज्य खालसा झालें व १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतर या बंगाली मणाचा प्रसार आमच्या भागांत होत गेला, आणि खळ्यावर कुडो व पेठेंत मण अशी दुहेरी व्यवस्था दीर्घकाळ नांदली.

या ठिकाणीं तराजूच्या अंगच्या एका गुणाकडे वाचकांचें लक्ष वेधणें अवश्य आहे. तराजूच्या एका पारड्यांत धान आणि दुसऱ्यांत लोखंडी वजन ठेविलें असतां दांडी समतोल राहिली, तर आपण म्हणतों कीं धानाचें वजन इतकें. परंतु तराजूनें खरोखर काय केलें ? त्यानें पृथ्वीची ओढ मोजलीच नाहीं. धानावरची ओढ आणि लोखंडावरची ओढ यांची त्यानें केवळ तुलना केली. उद्यां कांहीं चमत्कारानें पृथ्वीची ओढ निम्मी झाली, तर ती दोन्ही पारड्यांवर सारखीच निम्मी होईल आणि दांडी जागची हलणार नाहीं. ओढ दोन्हीकडे सारखी असल्यामुळें हिशेबांतून ती आपोआप वगळली जाते, आणि मागें उरतें तें द्रव्याचें द्रव्याशीं प्रमाण. म्हणजे ज्याला आपण वजनकाटा म्हणतों तो तराजू वस्तुतः वस्तुमानाचें माप आहे. शास्त्रज्ञांना जो भेद सतराव्या शतकांत उमगला, तो पाळण्याचें काम हें साधें यंत्र हजारों वर्षें मुकाट्यानें करीत होतें. दांडी मारणें हा शब्दप्रयोग मराठींत आहे खरा. पण तो दोष मारणाऱ्याच्या हाताचा, यंत्राच्या तत्त्वाचा नव्हे. पारड्यांतील मालाची व वजनाची अदलाबदल केली असतां दांडीची लबाडी तेव्हांच उघडी पडते.

मग वजन म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार कोणी केलाच नव्हता काय ? केला होता. आमच्या वैशेषिकांनीं 'गुरुत्व' हा द्रव्याचा एक गुण मानिला होता. पदार्थ प्रथम खालीं पडूं लागतो त्याचें कारण हें गुरुत्व होय, आणि तें पृथ्वी व जल या दोन द्रव्यांतच वसतें, असें त्यांचें मत. भास्कराचार्यांनीं 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायांत याच्या पुढें पाऊल टाकिलें : पृथ्वीच्या ठायीं आकर्षणशक्ति आहे, ती जड वस्तूस आपणांकडे ओढिते, आणि त्या ओढण्यालाच आपण पडणें म्हणतों. ओढ बाहेरून आहे, वस्तूची स्वतःची नव्हे, हा विचार मोठा होता. परंतु ती ओढ सर्व ठिकाणीं सारखी कीं कमीजास्त, हा प्रश्न केवळ विचारानें सुटणारा नव्हता. त्यासाठीं एक चांगलें घड्याळ लागत होतें, आणि तें घड्याळ दूरदेशीं नेणारा एक माणूस लागत होता.

तो माणूस म्हणजे झां रिशे हा फ्रेंच ज्योतिषी. पॅरिसच्या विज्ञान-अकादमीनें सन १६७२ सालीं त्याला दक्षिण अमेरिकेंतील कायेन येथें मंगळाच्या वेधांसाठीं पाठविलें. हें गांव विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या पांच अंशांवर आहे. रिशेनें बरोबर लंबकाचें घड्याळ नेलें होतें. पॅरिसमध्यें अचूक चालणारें तें घड्याळ कायेनला दिवसाकांठीं दोन-अडीच मिनिटें मागें पडूं लागलें, आणि सेकंदाचा ठोका बरोबर येण्यासाठीं लंबकाची लांबी सुमारें पावणेतीन मिलिमीटर कमी करावी लागली. यंत्र तेंच, लंबक तोच, पितळ तेंच. एक गुंजभरहि द्रव्य कमी झालें नव्हतें. तरी त्याला खालीं ओढणारा जोर उणा पडला. द्रव्य तेंच राहून वजन पालटतें, ही गोष्ट त्या दिवसापासून जगास दिसूं लागली. कित्येकांनीं म्हटलें, उष्ण देशांत पितळ प्रसरण पावलें असेल. पण उन्हानें होणारी वाढ इतकी मोठी होऊं शकत नाहीं, हें पुढें न्यूटननें दाखवून दिलें.

न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' या सन १६८७ सालीं छापलेल्या ग्रंथाची पहिलीच व्याख्या द्रव्याच्या परिमाणाची, म्हणजे वस्तुमानाची आहे. वस्तुमानाचीं दोन अंगें त्यानें ओळखिलीं. रुळावर उभा असलेला भरलेला डबा सपाटीवर ढकलावयाचा असला तर त्याचें सारें वजन रुळांनीं पेललेलें असतें. तरी तो हलविण्यास जोर लागतो, आणि एकदां चालूं लागला कीं थांबविण्यासहि जोर लागतो. हें वस्तुमानाचें एक अंग. यालाच जडत्व म्हणतात. त्याच डब्यास पृथ्वी किती ओढिते तें त्याचें दुसरें अंग. हीं दोन्ही अंगें सर्व पदार्थांत एकाच प्रमाणांत असतात कीं काय, हें पाहण्यासाठीं न्यूटननें अकरा फूट लांबीच्या दोऱ्यांना लांकडाच्या दोन सारख्या डब्या टांगून लंबक केले. एकींत लांकूड ठेवून दुसरींत त्यानें सोनें, रुपें, शिसें, कांच, वाळू, मीठ, पाणी असे पदार्थ आळीपाळीनें भरले. त्या यादींत गहूंहि आहे. सर्वांचे झोके बरोबरीनें पडले. सहस्रांश फरक असता तरी तो लक्षांत आला असता, असें त्यानें लिहिलें आहे. सोन्याला व गव्हाला पृथ्वी एकाच न्यायानें ओढिते, हा सिद्धांत अशा रीतीनें सिद्ध झाला. एका जागीं उभें राहून वजनांचें प्रमाण काढलें तर तेंच वस्तुमानांचें प्रमाण, हें म्हणण्यास तेव्हांपासून आधार मिळाला. तराजूवरचा जुना विश्वास खरा ठरला. पण कां खरा, तें आतां कळलें.

ओढ जागोजाग निराळी कां, याचाहि उलगडा न्यूटननें केला. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते, त्यामुळें विषुववृत्तावर वस्तूस बाहेर फेंकण्याचा कल उत्पन्न होतो. शिवाय पृथ्वी मध्यभागीं फुगलेली असल्यामुळें विषुववृत्तावरचा माणूस तिच्या केंद्रापासून अधिक दूर असतो. या दोन कारणांनीं ध्रुवाजवळ जें वजन असेल तें विषुववृत्तावर शेंकडा सुमारें अर्ध्यानें कमी भरतें. उंच डोंगरावर गेल्यासहि तें घटतें. पायांखालच्या भूमींत जड खडक असले कीं किंचित् वाढतें, पोकळ किंवा हलके असले कीं किंचित् घटतें.

हा शोध प्रत्यक्ष मोजून पाहण्याचें मोठें क्षेत्र पुढें हिंदुस्थान ठरलें, आणि त्याच्या वाटेवर आमचा विदर्भहि आहे. कर्नल विल्यम लॅम्टन यानें सन १८०२ सालीं मद्रासेजवळ पायाची रेषा मोजून जी त्रिकोणमितीय पाहणी आरंभिली, ती दक्षिणेकडून उत्तरेस चढत वऱ्हाडापर्यंत आली. पृथ्वीचा आकार नक्की करणें हें तिचें एक मुख्य ध्येय होतें. या कामांत गढलेला लॅम्टन नागपूरच्या वाटेवर असतां २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें वारला व तेथेंच पुरला गेला. गोंदियापासून हें स्थळ सरळ रेषेनें शंभराहून थोड्या अधिक मैलांवर आहे. त्याचें काम जॉर्ज एव्हरेस्ट यानें हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलें, आणि तेथें एक विलक्षण अडचण उभी राहिली. कल्याणपूर आणि काल्याना या दोन स्थळांमधील अंतर जमिनीवर मोजून आलेलें एक, आणि ताऱ्यांच्या वेधांवरून आलेलें दुसरें, दोहोंत ५.२३६ विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारें पांचशें फुटांचा फरक पडला.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनीं याचा विचार केला. वेध घेतांना उभी दिशा ओळंब्यानें ठरवितात. हिमालयाचें अफाट द्रव्य ओळंब्यास आपल्याकडे ओढीत असेल तर ती दिशाच चुकेल. गंवड्याच्या हातांतला ओळंबा थेट पृथ्वीच्या मध्याकडे पाहतो असें आपण समजतों. पण तोहि शेजारच्या डोंगरास थोडासा भुलतो. प्रॅट यांनीं हिमालयाचें वस्तुमान अंदाजून गणित केलें, तों फरक १५.८८५ विकला यावयास हवा होता. प्रत्यक्षांत आला त्याच्या तृतीयांश. सन १८५५ सालीं हें गणित प्रसिद्ध झालें, आणि त्याच वर्षीं इंग्लंडचे राजज्योतिषी एअरी यांनीं त्याचा अर्थ सुचविला कीं, पर्वत हे पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांप्रमाणें असून त्यांचीं हलक्या खडकांचीं मुळें खालीं खोल बुडालेलीं असावींत. वर जें द्रव्य अधिक दिसतें, त्याची भरपाई खालीं उणीव पडून झालेली असते. दोऱ्यास टांगलेल्या शिशाच्या एका गोळ्यानें पर्वताच्या पोटांतली ही गोष्ट उघडी केली.

ओळंब्यानें ओढीची दिशा सांगितली. ओढीचा जोर सांगण्याचें काम लंबकाकडे आलें. लंडनच्या रॉयल सोसायटीनें दिलेले पितळेचे लंबक घेऊन कॅप्टन जेम्स बसेवी यानें सन १८६५ पासून हिंदुस्थानभर वेध घेतले. यांतलें तत्त्व मोठें सुंदर आहे. लंबकाचें द्रव्य कोठेंहि नेलें तरी तेंच. म्हणून त्याच्या झोक्यांच्या संख्येंत जो फरक पडेल तो केवळ त्या जागेच्या ओढीचा. कन्याकुमारीच्या बाजूपासून डेहराडून-मसुरीपर्यंत, मुंबईस कुलाब्यापासून मिनिकॉय बेटापर्यंत तेच लंबक नेण्यांत आले. हवा काढून टाकलेल्या पात्रांत ते टांगावयाचे, तपमान सांभाळावयाचें, आणि दिवसच्या दिवस झोके मोजावयाचे, असें हें धिमें काम होतें. सन १८७१ सालीं बसेवी लडाखच्या मोरे पठारावर, पंधरा हजार फुटांहून अधिक उंचीवर गेला आणि तेथील थंडीवाऱ्यांत त्याचा अंत झाला. राहिलेलें काम कॅप्टन हेविसाइड यानें पुरें केलें. निष्कर्ष असा निघाला कीं, उंचीचा हिशेब वजा करूनहि हिमालयाच्या प्रदेशांत ओढ अपेक्षेहून उणी आणि समुद्राकांठीं व बेटांवर ती तुलनेनें अधिक आहे. प्रॅट व एअरी यांच्या तर्कास यानें बळकटी आली. तेंच पितळ, तोच लंबक, आणि देशाच्या प्रत्येक कोपऱ्यांत त्याचें वजन थोडें निराळें ! वजन ही वस्तूची मिरास नव्हे, वस्तु आणि स्थळ यांचा तो एक करार आहे, याचा एवढा मोठा पडताळा त्या काळीं क्वचित् कोठें घेतला गेला असेल.

शास्त्रांत हा भेद मान्य झाला तरी व्यवहारांतला घोटाळा चालूच होता. किलोग्रॅम हें माप वजनाचें कीं वस्तुमानाचें, याविषयीं कारखानदार व इंजिनियर यांच्या बोलण्यांत एकवाक्यता नव्हती. अखेर सन १९०१ सालीं वजनमापांच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें निकाल दिला : किलोग्रॅम हें वस्तुमानाचें एकक होय, वजन हा शब्द बलाचा, म्हणजे जोराचा वाचक होय, आणि हिशेबाच्या सोयीसाठीं ओढीचें प्रमाण ९.८०६६५ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद असें धरावें. स्वतंत्र भारतानें सन १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनेंमापें स्वीकारलीं, ऑक्टोबर १९५८ पासून तीं टप्प्याटप्प्यानें अंमलांत आलीं, आणि शेर व मण पेठेंतून निवृत्त झाले. प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रणाचा, ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत जतन करण्यांत आला. देशांतील सर्व वजनांचा तो कुलपुरुष ठरला.

आतां पुन्हां गोंदियाच्या पेठेंत येऊं. हल्लीं तेथें दोन पारड्यांचा तराजू मागें पडला आहे. अंगणांत विजेचा काटा असतो, आणि मालमोटारी तोलण्यास धरमकाटा. या काट्यांच्या पोटांत पोलादाचा एक तुकडा असतो. माल ठेविला कीं तो अगदीं किंचित् दबतो, त्या दाबानें विजेच्या प्रवाहांत फरक पडतो आणि समोर आंकडा उमटतो. जुना स्प्रिंगेचा काटाहि अशाच न्यायानें चाले. म्हणजे हे काटे तुलना करीत नाहींत. ते ओढ मोजतात. आंकडा मात्र किलोंत, म्हणजे वस्तुमानांत दाखवितात. हें रूपांतर बरोबर व्हावयाचें तर काटा जेथें वापरावयाचा तेथेंच तो प्रमाण वजनें ठेवून जुळवून घेतला पाहिजे.

न घेतला तर काय होईल, याचा हिशेब अवघड नाहीं. गोंदिया २१ अंश २७ कलांच्या सुमारास, समुद्रसपाटीपासून सुमारें ३०० मीटर उंचीवर आहे. तेथें ओढीचें प्रमाण गणितानें सुमारें ९.७८६ येतें, दिल्लीस तें सुमारें ९.७९१ आणि लंडनला सुमारें ९.८१२ आहे. दिल्लीस जुळविलेला काटा तसाच गोंदियास आणून मांडला, तर क्विंटलभर धानास तो सुमारें पन्नास ग्रॅम कमी दाखवील. लंडनला जुळविलेला पाव किलोहून थोडें अधिक कमी दाखवील. पन्नास ग्रॅम म्हणजे कांहींच नव्हे, असें वाटेल. परंतु दहा टनांच्या एका मालमोटारींत तेच पांच किलो होतात, आणि हंगामभर शेंकडों मोटारी त्याच काट्यावरून जातात. शिवाय ही चूक एकाच बाजूस पडते : माल विकणारा, म्हणजे शेतकरी, दर खेपेस उणा भरतो. येथें कोणी दांडी मारलेली नसते, कोणी शीग उडविलेली नसते. केवळ एका जागेची ओढ दुसऱ्या जागेस लावली गेलेली असते. सन २००९ च्या वैधमापन कायद्याखालीं काट्यांची जागेवर पडताळणी व मुद्रांकन करण्याची जी तरतूद आहे, तिचें एक शास्त्रीय मर्म हें आहे. निरीक्षकाचा शिक्का ही सरकारी पीडा नव्हे. न्यूटन व बसेवी यांच्या परिश्रमाचें तें पेठेपर्यंत आलेलें फळ आहे.

याच्या शेजारीं दुसरी एक घट ठेवून पाहावी, म्हणजे भेद अधिक स्पष्ट होईल. सरकारी खरेदींत धानाची आर्द्रता शेंकडा १७ हून अधिक नसावी असा दंडक आहे. शेंकडा २० आर्द्रतेचें क्विंटलभर धान उन्हांत वाळवून १७ वर आणलें, तर तें सुमारें ९६.४ किलो भरतें. ही साडेतीन किलोंहून अधिक घट ओढीची नव्हे. त्यांतलें पाणी खरोखर उडून गेलें, द्रव्यच कमी झालें. ही घट दोन पारड्यांच्या तराजूवरहि दिसेल, दिल्लीस दिसेल, लंडनला दिसेल. पहिली घट मात्र तराजूवर कोठेंच दिसणार नाहीं, कारण ती मालांत नव्हतीच, काट्यांत होती. माल उणा झाला कीं माप उणें झालें, हें ओळखतां येणें म्हणजेच वजन व वस्तुमान यांतला भेद ओळखणें होय. २३ ऑगस्ट १९२३ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२३ सालीं त्याच तारखेस, भारताचें चांद्रयान चंद्रावर उतरलें. तेथें आमचें क्विंटलभर धान नेलें तर विजेच्या काट्यावर तें सोळा-साडेसोळा किलोच दाखवील. परंतु तराजूवर तें क्विंटलच भरेल, आणि त्याचा भात शिजविला तर तितक्याच माणसांचें पोट भरेल.

इतिहासाचें शेवटचें पान अलीकडचें आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या कोणत्याहि धातूच्या तुकड्यावर अवलंबून राहिलेली नाहीं; ती प्लांकच्या स्थिरांकावर उभी केली आहे. ती प्रत्यक्षांत आणण्याचें एक मुख्य साधन म्हणजे ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रायन किबल यांनीं १९७५ सालीं कल्पिलेला तराजू. त्याच्या एका बाजूस वस्तूची ओढ असते, आणि दुसऱ्या बाजूस लोखंडी वजनाऐवजीं विजेच्या प्रवाहाचा जोर. म्हणजे दोन्हीकडे ओढ असली कीं ती वगळली जाते, ही जुन्या तराजूची सोय येथें उरली नाहीं. त्या खोलींतील पृथ्वीची ओढ अत्यंत बारकाईनें मोजल्याशिवाय किलोग्रॅम हातीं येत नाहीं. बसेवी जें काम लंबकानें करीत होता तेंच आज निर्वात नळींत वस्तु पाडून व प्रकाशकिरणांनीं तिचें पडणें मोजून केलें जातें. जगाचें सर्वांत शुद्ध वस्तुमान ठरविण्यासाठीं आधीं वजनाचा सारा स्थानिक लहरीपणा जाणून घ्यावा लागतो, हा या इतिहासांतील एक मनोरम योग आहे.

पेठेंतून 'वजन' हा शब्द काढून 'वस्तुमान' म्हणावें, असा आग्रह आम्ही धरीत नाहीं. शब्द लोकांचे असतात, आणि शेतकऱ्यानें धानाचें वजन विचारलें म्हणजे त्याला ऐवजच विचारावयाचा असतो, हें कोणासहि समजतें. परंतु शब्द एक राहिला तरी त्याच्या मागचे अर्थ दोन आहेत, याची जाणीव शिकलेल्या वर्गानें तरी ठेविली पाहिजे. शिक्षकानें ती पुस्तकांतल्या व्याख्येपुरती न ठेवतां विद्यार्थ्यांस धरमकाट्यापर्यंत नेऊन दाखविली पाहिजे. कुडव गेला, शेर गेला, मण गेला. उद्यां आजचे काटेहि जातील. पण ज्यानें चार महिने चिखलांत उभें राहून धान पिकविलें, त्याचा ऐवज जागेनें, उंचीनें किंवा यंत्राच्या मुक्कामानें कमी होतां कामा नये, ही अपेक्षा प्रत्येक मापामागें होती आणि राहील. पृथ्वी आपली ओढ ठिकठिकाणीं बदलते. द्रव्य बदलत नाहीं. माणसाच्या न्यायानें त्या न बदलणाऱ्याच्या बाजूस उभें राहावें, हेंच या तीनशें-साडेतीनशें वर्षांच्या खटाटोपाचें सार आहे.